चाम, काम, घाम : ‘टॅनरी’ या शब्दाची गोष्ट

आजच्या भागात एकच शब्द घेतलाय. टॅनरी. कातडं कमावण्याचा कारखाना. तुम्ही म्हणाल, हा कुठला विषय? पण थांबा जरा. या शब्दाचा एक तुकडा तुमच्या-माझ्या तोंडात रोज असतो, आणि दुसरा तुकडा आमच्या घरात साठ वर्षं लपवून ठेवला होता. दोन्हींबद्दल बोलूया.

आधी सोपा तुकडा. आमच्या सोसायटीखाली एक पार्लर आहे. दारावर बोर्ड: ‘डी-टॅन फेशियल’. उन्हाने चेहरा रापला की त्याला आपण टॅन म्हणतो, आणि तो काढायला पैसे मोजतो. हे टॅन आणि टॅनरीतलं टॅन एकच. कसं, ते पुढे सांगतो.

आता दुसरा तुकडा. माझे आजोबा धारावीत कामाला होते. लहानपणी मी आजीला विचारायचो, आजोबा काय काम करायचे गं? आजीचं उत्तर ठरलेलं. “आरं, कंपनीत हुते की.” कसली कंपनी? “हुती एक.” मला वाटायचं, गिरणी असेल. शाळेत मित्रांना मी तसंच सांगायचो, बिनधास्त.

मागच्या वर्षी घर बदलताना माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली आली. त्यात एक पिवळं पडलेलं हजेरी कार्ड निघालं. आजोबांचं नाव, आणि वर इंग्रजीत छापलेलं कारखान्याचं नाव. त्यातला शेवटचा शब्द टॅनरी. मी बाबांकडे बघितलं. बाबांनी कार्ड हातात घेतलं, पुसलं, आणि म्हणाले, “शाळेत मास्तर विचारायचे, वडील काय करतात? मी सांगायचो, नोकरी. टॅनरी म्हटलं की पुढचा प्रश्न जातीचा असायचा.”

त्या दिवसापासून हा शब्द माझ्या डोक्यात बसला. एका कारखान्याच्या नावात असं काय आहे की त्यावरून माणसाची जात कळावी? बेकरी म्हटल्यावर कुणी जात विचारत नाही. म्हणून शोधायला लागलो.

ओकच्या सालीपासून

इंग्रजीत बेकपासून बेकरी, तसं टॅनपासून टॅनरी. टॅन म्हणजे कातडं कमावणं. पण हे टॅन आलं कुठून?

मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘टॅनम’ असा शब्द होता. त्याचा अर्थ, कुटून भुगा केलेली ओक झाडाची साल. ओक म्हणजे युरोपातला मोठा वृक्ष; आपल्याकडे हिमालयात बांज नावाचं झाड आहे, ते त्याच कुळातलं. लॅटिनमध्ये हा शब्द बहुधा केल्टिक भाषांमधून आला. फ्रान्सच्या पश्चिम टोकाला ब्रेटन नावाची केल्टिक भाषा बोलतात, तिच्यात ओकला ‘टान’च म्हणतात. इंग्रजीत हे क्रियापद शिरलं त्याला हजारेक वर्षं झाली.

म्हणजे टॅनरी या शब्दात मुळात ना जनावर आहे, ना कातडं, ना माणूस. आहे ते एक झाड.

पण कातड्याचा झाडाशी काय संबंध? तर ऐका. जनावराचं कातडं काढलं आणि तसंच ठेवलं तर ते सडतं. नुसतं वाळवलं तर पापडासारखं कडक होतं, आणि पुन्हा भिजलं की पुन्हा सडतं. ते वर्षानुवर्षं टिकावं, वाकावं, पाण्यात भिजूनही कुजू नये, असं हवं असेल तर त्याच्यातल्या प्रथिनांना काहीतरी घट्ट धरून ठेवायला लागतं. झाडांच्या सालीत, फळांत, पानांत एक द्रव्य असतं, ते हे काम करतं. अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी त्याला ‘टॅनिन’ हे नाव दिलं. पुन्हा तोच ओक.

टॅनिन तुम्हाला माहीत आहे. जिभेला माहीत आहे. जास्त उकळलेला कोरा चहा प्यायलात की तोंड कसं आवळून येतं? कच्चं केळं, न पिकलेलं जांभूळ, आवळा, हिरडा. याला मराठीत फार चपखल शब्द आहे: तुरट. तुरट लागतं म्हणजे काय होतं, तर टॅनिन तुमच्या लाळेतल्या प्रथिनांना पकडतं. टॅनरीच्या कुंडात कातड्याचं जे होतं, त्याची छोटीशी झलक. चहाचा प्रत्येक कडक घोट म्हणजे तोंडातली दोन सेकंदांची टॅनरी, असं म्हणा हवं तर.

आपल्याकडे ओक नव्हता, पण तुरट झाडांना काय तोटा! बाभळीची साल, तरवडाची साल आणि हिरडा. कोल्हापुरी चपलेचं अस्सल चामडं बाभूळ आणि हिरड्यावरच कमावलेलं असतं. आपला हिरडा एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून जहाजं भरभरून ब्रिटनलाही जायचा, तिथल्या टॅनऱ्यांसाठी. जुन्नर-आंबेगावकडच्या डोंगरात महादेव कोळी माणसं आजही हिरडा गोळा करतात. नाव ओकचं, पण कुंडात आपला हिरडा, असाही काळ इंग्लंडने बघितला.

आता पार्लरच्या बोर्डाकडे या. ओकच्या सालीत महिनोन्‌महिने मुरलेलं कातडं तपकिरी होतं. त्या रंगालाही टॅन म्हणायला लागले. मग उन्हात रापलेल्या गोऱ्या माणसाची त्वचा त्या रंगाची दिसली, तर तिलाही टॅन. झाड, साल, चामडं, चामड्याचा रंग, माणसाच्या कातडीचा रंग, असा हा प्रवास. पुढच्या वेळी डी-टॅन करायला गेलात की आठवा: आपण खरं तर कमावलेल्या कातड्याचा रंग नको म्हणून सांगतोय.

यात एक गंमतही आहे. आज जगातलं बहुतेक चामडं सालीवर कमावलंच जात नाही. १८८४ साली ऑगस्टस शुल्ट्झ यांनी अमेरिकेत क्रोमियमच्या क्षारांनी कातडं कमावण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. सालीच्या कुंडात जाड कातड्याला वर्ष-वर्ष लागायचं; क्रोममध्ये एखाद-दुसऱ्या दिवसात काम होतं. आणि ते कातडं तपकिरी होत नाही, निळसर होतं. धंद्यात त्याला नावच ‘वेट ब्लू’. म्हणजे आजच्या टॅनरीत टॅनमही नाही आणि टॅन रंगही नाही. उरलंय नुसतं नाव. आणि क्रोमचं सांडपाणी नद्यांत गेलं ते वेगळंच. १९९६ साली तमिळनाडूतल्या टॅनऱ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘जो प्रदूषण करेल त्याने भरपाई द्यावी’ हे तत्त्व आपल्या कायद्याचा भाग मानलं, हे कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असेल.

राजाचा आजोबा

मला प्रश्न पडला होता, की तिकडे या कामाला नाकं मुरडत नव्हते का? मुरडत होते की. वास सगळीकडे सारखाच येतो. कातड्यावरचे केस काढायला चुना, मऊ करायला पक्ष्यांची आणि कुत्र्याची विष्ठा, हे तिकडेही वापरायचे. युरोपातल्या शहरांनी टॅनऱ्या वस्तीच्या कडेला, नदीच्या खालच्या अंगाला ढकलल्या होत्या. लंडनमध्ये त्या थेम्सच्या पलीकडे बर्मंडसी भागात होत्या. तिथे आजही टॅनर स्ट्रीट नावाचा रस्ता आहे.

एक गोष्ट सांगतो. नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम. हाच पुढे १०६६ साली इंग्लंड जिंकून राजा झाला. त्याच्या आईचं नाव हर्लेव्हा, आणि तिचे वडील फॅलेझ गावचे टॅनर होते अशी परंपरागत समजूत आहे. विल्यमने एकदा आलाँसाँ गावाला वेढा घातला. तिथल्या लोकांनी त्याला चिडवायला काय केलं, तर तटावर कातडी टांगली आणि ती बडवली. अर्थ स्पष्ट होता: हा बघा कातडेवाला आला. जुने इतिवृत्तकार सांगतात की गाव हाती आल्यावर विल्यमने चिडवणाऱ्यांचे हातपाय तोडले.

म्हणजे टोमणा तिकडेही होता आणि जिव्हारी लागायचा. पण पुढचं बघा. टॅनरचा नातू राजा झाला. ‘टॅनर’ हे इंग्रजीत साधं आडनाव झालं, सुतार-कुलकर्णी असतं तसं. ज्याचं आडनाव टॅनर आहे तो बँकेत असतो, शाळेत शिकवतो, आणि त्याच्या हातचं पाणी प्यायचं का असं कुणी विचारत नाही. अमेरिकेचे अठरावे राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांच्या वडिलांची टॅनरी होती. ग्रँटना लहानपणी ते काम अजिबात आवडायचं नाही. मोठे झाले, सैन्यात गेले, विषय संपला.

काम सोडलं की कामाचं नावही सुटायचं. हा फरक लक्षात ठेवा.

कारखाना नाही, वाडा

आता आपल्याकडे या. महाराष्ट्रातल्या जुन्या गावात कातडं कमावलं जायचं ती जागा कुठली? तिला नाव होतं, पण ते कामाचं नव्हतं. ढोरवाडा. म्हणजे ढोर समाजाची वस्ती. तिथेच घर, तिथेच चुन्याचं कुंड, तिथेच सालीचा काढा. इंग्रजी शब्दात झाड होतं. आपल्या शब्दात थेट माणसं आली, तीही जातीने.

गावगाड्यात या कामाची साखळी ठरलेली होती. मेलेलं जनावर ओढून न्यायचं काम महारांवर लादलेलं. कातडं कमावायचं ते ढोरांनी. त्याच्या वहाणा, जोडे करायचे ते चांभारांनी. आणि त्या कातड्यावर अख्खा गाव चालायचा. विहिरीचं पाणी काढायची मोट कातड्याची. पाणी वाहायची पखाल कातड्याची. बैलाचा आसूड, घोड्याचं खोगीर, देवळातला मृदंग, तमाशातली ढोलकी, सगळं कातडं. मोटेच्या पाण्यावर पिकलेलं धान्य सगळ्यांना चालायचं. मोट ज्याच्या हातून तयार झाली तो मात्र शिवायला चालायचा नाही.

आणि वाड्याची गंमत अशी की त्याला सुट्टी नसते. टॅनरीतून संध्याकाळी बाहेर पडता येतं. वाड्यातून बाहेर पडून जाणार कुठे? घर तिथेच आहे. पोरानं कातड्याला हात लावला नाही, शिकून तालुक्याला गेला, तरी पत्ता विचारला की वाड्याचं नाव आलंच.

आम्ही याच समाजातले. आमच्या घरी संत कक्कय्यांचा फोटो होता. कक्कय्या बाराव्या शतकातले, कल्याणला बसवण्णांच्या बरोबरीने वावरलेले शरण. कन्नडमध्ये त्यांचं नाव डोहर कक्कय्या. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात कक्केरी नावाचं गाव आहे, तिथे त्यांची समाधी मानतात. कन्नडमध्ये डोहर, मराठीत ढोर. आणि मराठीत ढोर म्हणजे गुरंही. ‘काय ढोरासारखा खातोस’ हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल, कदाचित म्हटलंही असेल. आता विचार करा, हे वाक्य वर्गात कुणीतरी बोलतं आणि त्याच वर्गात एक पोरगं बसलंय, ज्याच्या जातीच्या दाखल्यावर तोच शब्द लिहिलाय. माझे बाबा ते पोरगं होते.

धारावीत ढोरवाडा होता, तो मुंबईच्या नकाशावर वाढत गेलेल्या चामड्याच्या धंद्यामुळे. बांद्र्याला कत्तलखाना होता, जवळ खाडी होती, आणि शहराला वास नको होता. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी टॅनऱ्या धारावीत आल्या. तमिळनाडूतून मुस्लिम व्यापारी आणि कामगार आले, सोलापूर-कोल्हापूरकडून आमच्यासारखी माणसं आली. १९७१ साली कत्तलखाना देवनारला गेला, पुढे टॅनऱ्याही शहराबाहेर काढल्या गेल्या. आता धारावीत तयार चामड्याच्या बॅगा, पाकिटं, पट्टे बनतात. कच्च्या कातड्याची कुंडं जवळजवळ राहिली नाहीत. पण रस्त्यांना नावं आहेत: संत कक्कय्या मार्ग, संत रोहिदास मार्ग.

आता माझी एक चूक सांगतो. मागे एका भागात मी बोलता बोलता म्हणालो होतो, ‘उगाच चांभारचौकशी करू नका.’ दुसऱ्या दिवशी एका मुलीचा मेसेज आला. “दादा, तुमचे सगळे भाग ऐकते. हा शब्द नका वापरू. माझे पप्पा चांभार आहेत, ते शेजारीच बसून ऐकत होते.” मला कानशिलात बसल्यासारखं झालं. ज्याचे आजोबा टॅनरीत होते, त्याच्याच तोंडी हा शब्द! भाषेत अशी विषं इतकी सवयीची होतात की प्यायलेलं कळत नाही. तो भाग मी पुन्हा रेकॉर्ड केला. तिचे पप्पा हा भागही ऐकत असतील तर, काका, माफ करा.

आणि चांभार हा शब्द काही वाईट नाही हो. संस्कृत चर्मकार, त्याचंच झिजत झिजत चांभार. सोनार, कुंभार, लोहार यांच्याच रांगेतला. अहिल्यानगर जिल्ह्यातलं श्रीगोंदा आहे ना, जुन्या कागदांत त्याचं नाव चांभारगोंदे. गोविंद नावाच्या एका भाविक चांभारावरून ते पडलं असं सांगतात. शब्दात मुळात फक्त काम होतं. कमीपणा नंतर माणसांनी भरला.

नाव बदलावं की काम सोडावं?

विसाव्या शतकात या प्रश्नाला दोन मोठी उत्तरं दिली गेली, आणि दोन्हींचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे.

पहिलं उत्तर, कामालाच प्रतिष्ठा द्या. १९३० च्या दशकात वर्ध्याजवळ नालवाडीला गांधीविचाराच्या कार्यकर्त्यांनी कातडं कमावण्याचं केंद्र काढलं. मेलेल्या जनावरांचंच कातडं घ्यायचं, आणि कार्यकर्त्यांनी ते काम स्वतः शिकायचं. त्या जागेला शब्द वापरला ‘चर्मालय’. देवालय, विद्यालय, चर्मालय. बघा, शब्दाला आंघोळ घालून, धुतलेलं धोतर नेसवून उभं केलंय. हीच वाट पुढे सरकारी कागदावर आली. आपल्या राज्याच्या महामंडळाचं नाव संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ असं आहे.

दुसरं उत्तर बाबासाहेबांचं. १९२७ साली महाडच्या परिषदेत त्यांनी लोकांना सांगितलं, मेलेली गुरं ओढणं सोडा, मृत मांस खाणं सोडा. जे काम जन्माने गळ्यात बांधलंय आणि ज्याच्या नावाखाली तुम्हाला माणसातून उठवलंय, ते टाकून द्या. नाव कितीही सुंदर ठेवलं तरी ते काम करणारा कोण हे जर जन्मानेच ठरणार असेल, तर नावाने काय होणार?

मी दोन्हींचा बराच विचार केला. चर्मालय हा शब्द मला आवडतो. पण खरं सांगू? आमच्या धारावीच्या घरात तो कधी ऐकू आला नसता. आजोबांनी चर्मालयात काम केलं नाही. आणि बाबांनी दुसरी वाट धरली. ते शिकले, पोस्टात लागले, चाळीतून बाहेर पडले. म्हणून आज मी माइकसमोर बसून बोलतोय. पण बाहेर पडताना आम्ही आजोबांचं कामही मागे टाकलं, आणि त्या कामात त्यांनी काय मिळवलं होतं तेही. ते मात्र मला परत हवं होतं.

कमावलेलं

ते मला सापडलं एका साध्या मराठी क्रियापदात. कमावणे.

आपण पैसे कमावतो. पैलवान शरीर कमावतो. गवयाचा आवाज कमावलेला असतो. आणि कातडं कमावतात. कधी थांबून विचार केलाय का, की हा एकच शब्द का? संस्कृत कर्म, प्राकृत कम्म, त्यावरून कमावणे. मूळ अर्थ, कष्ट करून एखादी गोष्ट कामाची करणं. जे नुसतं मिळालंय त्याच्यावर मेहनत घेऊन त्याला किंमत आणणं. पैशाची कमाई ही या शब्दाची एक फांदी. कातडं ही दुसरी. जर्मन भाषेतही थोडं असंच आहे. त्यांच्या ‘गेर्बेन’ या क्रियापदाचा मूळ अर्थ तयार करणं. इंग्रजीला दिसलं झाड. मराठीला आणि जर्मनला दिसले कष्ट.

आणि हा योगायोग बघा. संस्कृत चर्म, मराठीत चाम. कर्म, मराठीत काम. घर्म म्हणजे उष्णता, मराठीत घाम. तिन्ही शब्द एकाच नियमाने झिजलेत: चाम, काम, घाम. टॅनरीची याहून नेमकी व्याख्या कुठल्या शब्दकोशात मिळेल?

अजून एक. कातडं हा शब्द जिथून आला तिथूनच सापाची कात आली. संस्कृत कृत्ति, म्हणजे चामडं. शंकराला म्हणूनच कृत्तिवास म्हणतात. कात टाकणे हा वाक्प्रचार तुम्ही सगळे वापरता. आणि विड्यात घालतो तो कात? तो खैराचा, लाकूड उकळून काढलेला, तुरट, टॅनिनने भरलेला. त्याचं मूळ वेगळं, पण उच्चार एकच. ती कात म्हणजे कातडी, तो कात म्हणजे टॅनिन. टॅनरीत ज्या दोन गोष्टी एकमेकींना भेटतात, त्या मराठीत एकाच उच्चारात शेजारी शेजारी बसल्यात.

हे सगळं जमल्यावर मी आजीकडे गेलो. या वेळी प्रश्न बदलला. आजोबा कुठे कामाला होते असं विचारलंच नाही. विचारलं, “आजी, आजोबा कातडं कसं कमवायचे?”

आजी पहिल्यांदा गप्प राहिली. मग हात पुढे घेतले आणि हातांनीच सांगायला लागली. चुन्यातनं काढलेलं कातडं कसं पसरायचं. केस आणि मांस कसं खरवडायचं. “सालीच्या पाण्यात टाकलं म्हंजी झालं असं न्हाई. रोज वरखाली करायचं. मग कडंला जरा कापून बघायचं. मधी पांढरी रेघ दिसली का अजून कच्चं. रंग आरपार उतरला पाहिजे. तुझ्या आजोबांला कापायची पण गरज नसायची. नुसतं हातात धरून सांगायचे. मालक बाकीच्यांचं तपासून घ्यायचा, ह्यांचं न्हाई.”

शेवटचं वाक्य तिने दोनदा म्हटलं.

मी विचारलं, “मग इतकी वर्षं कंपनी का म्हणायचीस?”

“तुझ्या बापाला शाळेत पोरं म्हणायची, ह्याच्या सदऱ्याला वास येतो. मी रोज साबणानं धुवायची. वास नव्हता रं. नाव होतं.”

मी रेकॉर्डर बंद केला. पुढचं आमच्या दोघांचं होतं.

ते हजेरी कार्ड आता माझ्या टेबलावर आहे. परवा बाबा आले होते. त्यांनी ते उचललं, बराच वेळ बघत राहिले, आणि मला म्हणाले, “ह्याला जरा फ्रेम कर. उघडं ठेवलंस तर खराब होईल.”

तर मंडळी, आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या घरी एखादं काम असेल ज्याला कंपनी, नोकरी, धंदा असं काहीतरी मोघम म्हटलं जायचं, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. कुठे कामाला होता असं विचारू नका. काम कसं करायचा ते विचारा. उत्तरं वेगळी येतात. आणि त्यात एखादा जुना शब्द मिळाला तर व्हॉइस मेसेज पाठवा, आपण त्यावर एक भाग करू. आणि हा भाग आवडला असेल तर एका मित्राला, एका मैत्रिणीला पाठवा. भेटू पुढच्या आठवड्यात. तोवर, काळजी घ्या.